आठ दिवसांची भरती

गेल्या साली पाणी आलं तेव्हा इंदापूरकडच्या मारकडवस्तीवर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. आभाळ निळं, वारं कोरडं. सारजा संध्याकाळी भुईमुगात खुरपं विसरून घरी आली आणि सकाळी आणायला गेली, तर जिथं खुरपं होतं तिथं गुडघाभर पाणी. घाटावर कुठंतरी कोसळलं होतं, वरून भीमेला लोंढा आला होता आणि धरणाचा फुगवटा मुकाट्यानं रानात शिरला होता. तीन दिवसांत सगळा तुकडा गेला. शेंगा काढणीला आल्या होत्या. नवराबायकोनं पाण्यात उभं राहून उपटल्या तेवढ्या उपटल्या; बाकीच्या तिथंच कुजल्या. पुढं महिनाभर वारा तिकडून आला की वास यायचा.

गाळपेरीचं असंच. जानेवारीपासून धरणाचं पाणी हटत जातं, खालची जमीन उघडी पडते, आणि माणसं पाण्याच्या मागं मागं पेरत जातात. गाळ लोण्यासारखा, खत लागत नाही. पण पाणी कधी परत फिरेल हे कुणाला माहीत नसतं. वस्तीच्या वरच्या रानात विहीर आटलेली होती, तिथं कुसळंसुद्धा धड उगवली नव्हती. म्हणून शहाण्णव सालीही सारजा आणि जोतीरामनं पुन्हा गाळातच भुईमूग टोकायचं ठरवलं. वर्षाचं पीक म्हणून हातात तेवढंच येणार होतं.

त्याच जानेवारीत बारामतीच्या कॉलेजातल्या उत्कर्षाबाई आल्या. जीपमधून एक लांब पट्टी उतरवली. तीन मीटरची, पांढरी, तिच्यावर लाल-काळे आकडे. पाण्यात कमरेएवढं जाऊन त्यांनी ती ठोकली. दोनाच्या आकड्याला पाणी लागलं.

"रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच," बाई म्हणाल्या. "पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते लिहायचं. वारं कुठून, किती, ते लिहायचं. लाटा असल्या तर किती उंच. कोण लिहील?"

जोतीरामनं मान खाली घातली. त्याचं बालपण मेंढरांमागं गेलं होतं. आकडे त्याला बोटांवर येत, कागदावर नाही.

"मी चौथी हाय," सारजा म्हणाली.

"मग झालं. अशी चौदा ठाणी आहेत. नऊ समुद्राकाठी, कोकणापासून कारवारपर्यंत. पाच आपल्याकडं, नदीकाठी. समुद्रावरचे लोक त्यांचे आकडे आपल्याला देणार, आपण आपले त्यांना. महिन्याला सगळ्यांचा मिळून एक कागद निघेल."

"बाई, समुद्र कुठं, आमी कुठं?"

"जे वारं समुद्रावर उठतं, तेच घाट चढून येतं. तिकडं लाट मोठी झाली की चार-पाच दिवसांत घाटात पाऊस. घाटात पाऊस झाला की वरच्या ठाण्यांवर नदी चढते. मग तुमच्याकडं. सगळ्यांनी मिळून मोजलं तर आधी सांगता येईल, निदान तसं वाटतं. अजून कुणी करून बघितलेलं नाही."

"म्हंजी पाणी कवा येणार ते कळंल?"

"कळावं म्हणून तर."

सारजानं वही घेतली. जाता जाता बाई म्हणाल्या, "पट्टी पाण्यात राहायला हवी. बाहेर यायला लागली की मला कळवा."

पहिला आठवडा संपता संपता पाणी दीडाच्या खाली उतरलं. जोतीरामनं डिझेल इंजिन पाण्याजवळ सरकवायला घेतलं. हे दर आठ दिवसांनी करावंच लागायचं. पाणी लांब गेलं की इंजिन पाणी ओढत नाही. इंजिन दोन बांबूंना बांधायचं, खांद्यावर घ्यायचं, घोट्याएवढ्या गाळातून न्यायचं. पुढं जोतीराम, मागं सारजा. इंजिन बसवून झाल्यावर तिनं मागं पाहिलं. पट्टी आता काठाशी आली होती.

"आता ह्याच्यासाठी बारामतीला कार्ड कुठं टाकायचं," ती म्हणाली. "अवो, तीबी घ्या उपटून. इंजिनाशेजारी ठोकू."

जोतीरामनं पट्टी हलवून काढली आणि आत नेऊन ठोकली. बाईंनी जशी दोनाला ठोकली होती तशीच, पाणी बरोबर दोनाला लागेल अशी. सारजानं मनापासून ते केलं. सकाळी १.४६, संध्याकाळी २.००. नीटनेटकं दिसलं. पुढच्या आठवड्यातही तसंच. इंजिन हललं की पट्टी हलली.

तिनं एकही दिवस चुकवला नाही. ताप आला तेव्हाही कानाला फडकं गुंडाळून गेली. वाऱ्यासाठी बाईंनी कापडाची पिशवी दिली होती, ती किती आडवी होते ते बघायचं. लाटेसाठी पट्टीवरचा वरचा आणि खालचा आकडा. सकाळी पाणी थंडगार असायचं आणि पायाची नखं निळी पडायची. वस्तीवरची माणसं हसायची. सगळ्यात जास्त गेणू आबा, जोतीरामचे चुलतचुलते. त्यांची गाळपेर सारजाच्या शेजारीच होती. बांधाला बांध लागून.

"काय सारजे, आज किती झालं धरणाचं वजन?"

"आबा, वजन न्हाय, उंची."

"उंची माणसाची असती. पाण्याला खोली असती."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाई परत आल्या. बरोबर उशिरानं निघालेला पहिला छापील कागद होता, आणि एक पोस्टकार्ड. ओट्यावर आबा बसले होते, आणखी दोघं-चौघं होते. बाईंनी कागद पसरला. चौदा ठाणी, प्रत्येकाची एक रेघ. समुद्राकाठच्या रेघा दिवसातून दोनदा वर चढायच्या, दोनदा खाली यायच्या. मारकडवस्तीची रेघ करवतीच्या दातांसारखी होती. आठ दिवस खाली, मग एकदम वर. पुन्हा आठ दिवस खाली, पुन्हा वर.

"हे कार्ड कारवारहून आलंय," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, पण डोळ्यांच्या कडा हलल्या. "तिथले सर विचारतात, इंदापुरात आठ दिवसांची भरती येते का?"

कुणाला आधी कळलं नाही. मग आबांना कळलं. ते मांडीवर थाप मारून हसले.

"आरं, ही पट्टी पाण्यामागं पळती! सारजेनं पट्टीलाच कुत्रं केलंय!"

सारजाच्या कानाची पाळी गरम झाली. ती आत गेली. चुलीवर चहा उकळत होता, तो नुसती बघत राहिली. तीन महिने. नखं निळी करून तीन महिने, आणि चौदाही ठाण्यांवर आपलं हसू झालं. बाहेर जोतीराम म्हणत होता, "चूक माझी हाय बाई. उपटली मी." उपटली त्यानंच होती, पण कुणाच्या सांगण्यावरून ते सगळ्यांना माहीत होतं.

बाई आत आल्या आणि पाटावर बसल्या.

"मी 'कळवा' म्हणाले, पण का ते सांगितलं नाही. चूक माझीही आहे."

"तुमची कशी?"

"पट्टी जागेवर असेल तरच आकड्याला अर्थ. हलवायची असेल तर दुसरी पट्टी खाली ठोकायची. दोन्ही पाण्यात असताना एकाच वेळी दोन्ही वाचायच्या. मग पहिली काढायची."

सारजानं पातेलं उतरवलं.

"सासरं मेंढरांचं तसंच करायचं," ती म्हणाली. "जाळ्याच्या जुन्या वाघरीतनं भाईर काढताना मोजायची, नव्या वाघरीत घालताना परत मोजायची. दोन्ही आकडं जुळलं तरच झोपायचं. मला कळाय पायजे हुतं."

"आता जुन्या जागा सापडल्या तर सगळं दुरुस्त होईल. पट्टी कुठं कुठं होती, आठवतं?"

"मला न्हाय. ह्यांला ठावं."

जोतीरामला ठाऊक होतं. इंजिन जिथं जिथं बसलं तिथं डिझेलचा काळा डाग मातीत उतरलेला होता, आणि डागाच्या उजव्या अंगाला दोन पावलांवर पट्टीचं भोक. गाळ वाळून भेगाळला होता. भोकं तशीच राहिली होती, काहींत मुंग्या. बाईंनी तीन पायांची दुर्बीण लावली आणि वरून खाली एकेक जागेची उंची घेत निघाल्या. जोतीराम हातात पट्टी धरून उभा राहायचा, सारजा आकडे लिहायची. ऊन डोक्यात शिरत होतं. बारा जागांपैकी अकरा सापडल्या. नववी सापडेना.

"ती माझ्या रानात हाय," गेणू आबा बांधावरून म्हणाले. ते सकाळपासून बघत होते. "कुळव फिरलाय त्याच्यावर. पण डिझेल पडलंय तितं भुईमूग पिवळा उगवलाय. ह्यो बघा."

चार रोपं पिवळी होती. त्यांच्या उजवीकडं दोन पावलं.

बाई दुर्बीण आवरायला लागल्या तेव्हा सारजानं धीर केला.

"बाई, एवढं मोजताय तर माज्या रानाचंबी मोजा की. कुठला बांध किती उंचावर ते."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग दुर्बिणीचे पाय पुन्हा रोवले. तळचा बांध, दुसरा, तिसरा, वरचा. चारही बांधांच्या उंच्या सारजानं वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या. आबांच्या रानाचे बांध त्याच ओळीत पुढं गेले होते, त्यामुळं त्यांचीही मोजणी आपसूक झाली. आबांनी मागितली मात्र नव्हती.

मेमध्ये भुईमूग फुलला. पिवळी फुलं गळाली, त्यांच्या जागी शेंगा धरणाऱ्या आऱ्या जमिनीत घुसल्या. सारजा आता दोन पट्ट्या वापरायची. हलवायच्या दिवशी दोन्ही वाचायची, मगच वरची काढायची. पुढच्या छापील कागदावर मारकडवस्तीची रेघ एकसारखी, आता अगदी हळू, खाली उतरत गेलेली होती. कारवारहून काही आलं नाही. बाई म्हणाल्या, काही आलं नाही म्हणजे बरोबर आहे.

जून लागला तसं आठवड्यातून दोनदा बाईंची चिठ्ठी यायला लागली. इंदापूर गाडीचा कंडक्टर सोपान फाट्यावर खिडकीतून हात बाहेर काढायचा.

"घ्या वैनी, समुद्राची चिठ्ठी. आज भरती हाय का ओहोटी?"

"तुमच्या गाडीला कायम ओहोटीच. अर्धा तास उशीर."

मृग कोरडा गेला. चोवीस जूनला, सोमवारी, चिठ्ठी आली ती नेहमीपेक्षा लांब होती. सारजानं फाट्यावरच उभ्या उभ्या वाचली. समुद्राकाठच्या नऊही ठाण्यांवर आठ दिवसांपासून वारं वाढलं आहे, लाटा तीन मीटरच्या वर आहेत. घाटात तीन दिवस जोराचा पाऊस आहे. वरच्या दोन ठाण्यांवर नदी चढते आहे. तुमच्याकडं शुक्रवारच्या सुमारास पाणी चढायला लागेल. पहिल्या तीन दिवसांत एक ते सव्वा मीटर. दिवस मागंपुढं होऊ शकतो.

घरी येऊन तिनं वहीचं मागचं पान उघडलं. आजच्या पाण्यापासून तळचा बांध चाळीस सेंटीमीटरवर. दुसरा ऐंशीवर. तिसरा एकशेवीसवर. वरचा एकशेसाठवर. तिनं पेन्सिलनं तिसऱ्या बांधाखाली रेघ ओढली.

संध्याकाळी ती आणि जोतीराम रानात गेले. तिनं एक वेल उपटला, शेंग फोडली. टरफलाच्या आतली बाजू अजून पांढरी होती. पिकलेल्या शेंगेचं टरफल आतून काळसर होतं. दाणा गुलाबी, पण सुरकुतलेला.

"अजून धा-बारा दिस पायजेत," जोतीराम म्हणाला.

"व्हय."

"आन् आभाळ बघ. हितं ढेकूळ विरघळंल एवढा घाम बी न्हाय."

"गेल्या सालीबी न्हवता."

जोतीरामनं शेंग चघळली. दूध सुटलं. "आपुण काढलं आन् पाणी आलंच न्हाय, तर?"

"तर दाणं बारीक. घरात तेल कमी. पण घरात." तिनं वेलावरची माती झटकली. "वरचा तुकडा ठिवू. तिसऱ्या बांधाच्या वरचा. तिथवर पाणी यील असं कागद म्हनत न्हाय."

शेजारच्या बांधावर आबा उकिडवे बसले होते.

"आर्द्रा लागून चार दिस झालं," ते म्हणाले. "आर्द्रा सरून तरणा लागल्याबिगर भीमेला पाणी येत न्हाय. माझ्या बापानं सांगितलंय. आजवर चुकलं न्हाय."

"गेल्या साली तरणा लागायच्या दिवशी आलं, आबा."

"लागायच्या दिवशीच ना? म्हंजी लागल्यावरच!"

मंगळवारी उजाडायला दोघं खालच्या तुकड्यात उतरले. वाकायचं, मुठीत वेल धरायचा, तिरका ओढायचा, झटकायचा, मागं टाकायचा. गाळ वरून वाळला होता, आत ओला. ओढताना जोर लावला की आऱ्या तुटून शेंगा मातीत राहायच्या. मग खुरप्यानं उकरायच्या. दुपारपर्यंत सारजाच्या तळव्याच्या रेषांत चीक आणि माती बसून काळ्या रेघा झाल्या. कंबर सरळ करायची म्हटलं की आधी हात मांडीवर टेकवावे लागत. बुधवारी दुसरा बांध. गुरुवारी तिसऱ्यापर्यंत. वेल डोक्यावरून वरच्या माळावर नेले, तळवटावर पसरले, सावलीत बसून शेंगा तोडल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता ती हातातलं टाकून पट्टीकडं जायची.

शुक्रवारी सकाळी पाणी एक सेंटीमीटर खाली गेलं.

शनिवारी तितकंच राहिलं.

आभाळ कोरडं. सारजाच्या पसरलेल्या शेंगांपाशी वस्तीतल्या बाया येऊन बसायच्या, एखादी फोडून बघायच्या आणि पुन्हा खाली ठेवायच्या. आबा आपल्या हिरव्यागार रानातून आले. पानं त्यांच्या पोटरीला लागत होती.

"दाणं म्हातारीच्या गालावानी झालं की गं," ते म्हणाले. आवाजात कुचकेपणा नव्हता, हळहळ होती. "कागदाच्या नादी लागून पीक मोडलंस, पोरी."

रात्री जेवताना जोतीरामनं एवढंच विचारलं, "मागंपुढं म्हंजी किती दिस, ते लिवलंय का?"

"न्हाय."

ती पानावरून उठली आणि हात धुऊन चिठ्ठी पुन्हा वाचली. दिवस मागंपुढं होऊ शकतो. बाईंच्या लेखी दहा-बारा दिवसही त्यात बसत असतील तर? तिला पट्टीची ती करवत आठवली. माणूस मनापासून करतो आणि चुकतो. बाईही मनापासूनच करत होत्या.

रविवारी सकाळी सात वाजता पाणी चार सेंटीमीटर वर होतं. तिनं दोनदा वाचलं. लाट नव्हती, वारं नव्हतं. पाणी आरशासारखं होतं, फक्त काठावरच्या वाळल्या शेवाळाची कड ओली झाली होती. ती आकडा लिहून तिथंच उभी राहिली. पायाच्या अंगठ्याजवळ एक भेग पाण्यानं भरली आणि तिच्यातून बुडबुडे आले.

"आबा," तिनं हाक मारली, "चढतंय."

"किती?"

"चार सेंटीमीटर."

"म्हंजी?"

तिनं दोन बोटं दाखवली. आबांनी हात उडवला. "वाऱ्यानं ढकललंय."

संध्याकाळी पाच वाजता तीस.

सोमवारी उजाडलं तेव्हा तळचा बांध दिसत नव्हता. आबा, त्यांची म्हातारी बानूबाई आणि दोघी सुना गुडघाभर पाण्यात होते. पाणी गढूळ झालं होतं. वेल दिसत नव्हते, पायानं चाचपून शोधायचे, मग खांद्यापर्यंत हात बुडवून उपटायचे. चिखल झालेल्या गाळातून वेल सहज यायचा, पण शेंगा खालीच राहायच्या. दहा वेळा वाकून मूठभर हाती लागायचं.

सारजाचा वरचा तुकडा अजून उभा होता. जोतीराम खुरपं घेऊन तिकडं निघाला होता.

"आपलं न्हाय," ती म्हणाली. "आपल्याला अजून लई येळ हाय. चला."

दोघं आबांच्या पाण्यात उतरले. बानूबाई नुसती धापत होती. पाणी थंड होतं, वरून आलेलं, त्याला लाल मातीचा वास होता. इकडच्या काळ्या रानाचा नव्हे.

थोड्या वेळानं सारजानं मान वर करून सूर्य पाहिला आणि हात धुतले.

"कुठं निघाली?" बानूबाई म्हणाली.

"सात वाजलं. मोजायचं हाय."

एका सुनेनं तोंड वाकडं केलं. "आमचं पीक बुडतंय, आन् हिला आकडं."

आबा पाण्यात वाकलेले होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "जाऊ द्या तिला."

ती पट्टीशी छातीएवढ्या पाण्यात गेली. वही डोक्यावर पदरात बांधलेली. आकडा वाचला, काठावर आली, लिहिला, कालच्या संध्याकाळचा वजा केला, चौदा तासांनी भागला. मग मागचं पान उघडलं. भागाकार पुन्हा केला, कारण तिला स्वतःवर विसंबायचं नव्हतं.

परत आली तेव्हा आबा सरळ उभे राहिले होते. कोपरापासून पाणी गळत होतं. मुठीत एक वेल, त्याला तीन शेंगा.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

"पासष्ट झालं. तासाला अडीच चढतंय."

"मला आकडं नगं. कवापातूर उपटायचं, ते सांग."

सारजानं खालच्या तुकड्याकडं पाहिलं. हातभर पाण्याखाली आबांच्या निम्म्या वर्षाचं पीक होतं.

"हितलं सोडा, आबा," ती म्हणाली. "हितं दिस घालवला तर वरचंबी जाईल. दुसरा बांध दुपारी जेवायच्या टायमाला बुडंल. तिसऱ्याला उद्या उजाडंल. त्याच्यावरच्याला अजून येळ हाय. आत्ता समद्यांनी तिसऱ्या बांधापातूर काढायचं, पण वरनं खाली न्हाय. दुसऱ्यापासनं धरून वर वर जायचं. पाण्याच्या म्होरं."

"हे सोडायचं?"

"सोडा."

आबा त्या तीन शेंगांकडं बघत राहिले. त्यांच्या पोटऱ्यांभोवती पाणी हळूहळू फिरत होतं. मग त्यांनी वेल खांद्यावर टाकला, हात पाण्यात खळबळून धुतला आणि सुनांकडं वळले.

"निघा भाईर," ते म्हणाले. "ती म्हनती तसं. दुसऱ्या बांधाला चला."

बानूबाईला हात देऊन त्यांनी वर घेतलं. सगळे चिखलातून चढले आणि दुसऱ्या बांधाच्या कडेला एका ओळीत वाकले. आबा सारजाच्या शेजारी होते. पहिला वेल त्यांनी कोरड्या मातीतून तिरका ओढला. शेंगा सगळ्या वर आल्या. एक फोडून त्यांनी टरफल आतून पाहिलं. पांढरंच होतं.

"बारीक हायती," ते म्हणाले, आणि पुढच्या वेलाला हात घातला.